आधी जाऊन बघून ये

रशीदा अत्तार ही माझी मैत्रीण. आम्ही एकाच शाळेत शिकवलं, ती गणित आणि मी मराठी, आणि निवृत्त होईपर्यंत शिक्षकांच्या खोलीत एकाच टेबलावर डबा खाल्ला. स्वभाव म्हणाल तर माझ्या नाकावर कायम राग, आणि ती इतकी शांत की समोरच्याला वाटावं आपलंच काहीतरी चुकलंय. मी नारायण पेठेत राहते, ती येरवड्याला. तरी आमचा फोन रोजचा. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी ती विचारते, "काय बाई, रागावलात की आजारी पडलात?"

दर वर्षी बारावीचे निकाल लागले की रशीदाच्या घराबाहेर चपलांचा ढीग पडतो. आईबाप येतात, मुलं येतात, एखादा सर्वज्ञ मामाही येतो. सगळ्यांचा प्रश्न एकच. "अत्तारबाई, कुठलं कॉलेज घ्यावं?"

आणि बाईंचंही उत्तर एकच. "बघून आलास का?"

"हो बाई, वेबसाइट बघितली."

"वेबसाइटवर मीसुद्धा तरुण दिसेन. आधी जाऊन बघून ये, मग बोलू."

बरं, हे बघून येणंही साधं नाही. पालकांसाठी सजवून ठेवलेल्या दिवशी जायचं नाही, आडवारी जायचं. ज्या बसने रोज जाणार त्याच बसने, आणि बापाला बरोबर न घेता. आत गेल्यावर ऑफिसात आधी शिरायचं नाही, कॅन्टीनमध्ये बसायचं. तिसऱ्या वर्षाची पोरं गाठायची आणि विचारायचं, मागच्या आठवड्यात वर्ग खरोखर किती झाले? स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून बघायचा. मुलगी असेल तर संध्याकाळी गेटाबाहेरच्या रस्त्यावर दिवे लागतात का, तेही बघूनच निघायचं. एवढं करून आलेल्याला मग रशीदा चहा देते आणि त्याचं ऐकून घेते. निम्म्या मुलांना बोलता बोलता स्वतःचं उत्तर सापडतं. मग घरी जाऊन म्हणतात, बाईंनी फार छान सल्ला दिला.

माझा भाचा केयूर असाच तिच्याकडे गेला होता. त्याआधी आमच्या घरात बैठक बसली होती. पुण्यात मुलाचं लग्न ठरवायला जमत नाहीत एवढी माणसं त्याचं कॉलेज ठरवायला जमतात. माझा भाऊ बोलला, वहिनी बोलली, वहिनीचे बंधू अमेरिकेतून व्हिडिओवर बोलले. केयूर तेवढा बोलला नाही, कारण त्याला कुणी विचारलंच नाही. शेवटी सर्वानुमते एक खाजगी कॉलेज पक्कं झालं. त्याचा फलक चौकात लागला होता आणि तो आमच्या इमारतीपेक्षा उंच होता, याखेरीज त्या कॉलेजबद्दल कुणालाही काहीही माहीत नव्हतं. रशीदाने केयूरला तिथे एकट्याला पाठवलं. संध्याकाळी परत आला आणि म्हणाला, "आत्या, वर्कशॉपला कुलूप होतं. किल्ली कुणाकडे असते विचारलं, तर पोरं हसायलाच लागली."

झालं! ते कॉलेज रद्द. माझा भाऊ पुढे बरेच दिवस रशीदाचं नाव काढलं की पेपर तोंडासमोर धरायचा. केयूर दुसरीकडे शिकला आणि उत्तम शिकला.

रशीदाचे आणखी दोन नियम होते, तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळेच घडलं. एक, जिथे जायचं नाही त्या कॉलेजचं नाव पसंतीच्या यादीत घालायचं नाही. शोभेला म्हणून तर नाहीच नाही. दुसरा नियम फोनचा. प्रवेशाच्या पोर्टलवर मुलांचा नंबर द्यायचा नाही, घरातल्या मोठ्या माणसाचा द्यायचा. एका मुलाचा फोन ऐन प्रवेशात बसमध्ये मारला गेला होता, ओटीपी आलाच नाही आणि त्याची जागा गेली. तेव्हापासून ती म्हणते, "पोरांचे नंबर चपलांसारखे बदलतात. ज्याचा नंबर घरात सगळ्यात जुना, त्याचा लिहा."

यंदा तिची नात अलफिया बारावी झाली. या मुलीची आई ती लहान असतानाच गेली. वेण्या घालण्यापासून पाढ्यांपर्यंत सगळं रशीदाने केलं. अगदी अजूनही दोघी एकाच खोलीत झोपतात. अलफियाला सिव्हिल इंजिनिअर व्हायचंय. रस्त्याने जाताना ही पोर दुकानं बघत नाही, अर्धवट पुलाखाली उभी राहून वर बघते. तिच्या यादीत पहिलं नाव होतं साताऱ्याच्या पुढच्या एका जुन्या सरकारी कॉलेजचं.

"एवढ्या लांबचं?" मी रशीदाला विचारलं होतं.

"येत नाही गं ते. मागच्या वर्षी फार वरच्या मार्कांना बंद झालं. लिहू दे पोरीला, तिचं मन राहील."

मला ते विचित्र वाटलं. दुसऱ्याच्या मुलाने असं केलं असतं तर रशीदाने त्याला आधी ते कॉलेज बघायला पिटाळलं असतं. पण गणित तिचं, मी कशाला मध्ये बोलू?

आणि पहिल्याच फेरीत नेमकं तेच कॉलेज लागलं.

आता इथे एक मेख होती. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ते मुदतीत स्वीकारायचं. नाही स्वीकारलं तर जागा गेलीच, शिवाय पुढच्या फेऱ्यांमधूनही मुलगी बाहेर. मग उरतं ते संस्थेच्या कोट्यातून, ओळखीपाळखीने मिळेल ते. म्हणजे एक तर हे, नाहीतर सरकारी कॉलेजचं दार यंदापुरतं बंद.

रशीदाचा मुलगा शहेजाद, अलफियाचा बाप, म्हणाला, "बंद तर बंद." हा मुलगा वाईट नाही हो. हिंजवडीत कंपन्यांच्या बसगाड्यांच्या ड्युट्या लावतो. उशिरा सुटणाऱ्या मुली घरी पोचल्या का, हे बघण्यात त्याचं निम्मं आयुष्य जातं. त्यामुळे त्याला जगात सगळीकडे अंधारा रस्ताच दिसतो. घरापासून एका बसवर असलेल्या कॉलेजात त्याने ओळखीने कॉम्प्युटरची जागा बोलून ठेवली होती. "हिंजवडीत नोकरी लागेल, बस दाराशी येईल. हॉस्टेलबिस्टेल नको. तिथे तिला ताप आला तर पाणी कोण देणार?"

अलफिया म्हणाली, "अब्बू, मला पूल बांधायचेत. बसमध्ये नाही बसायचं."

बापलेकीचं असं चार-पाचदा वाजलं. आणि रशीदा? गप्प! जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींना सांगितलं, लांब असलं तरी जा गं, ती स्वतःच्या नातीच्या वेळेला तोंड शिवून बसली. मी फोनवर छेडलं तर म्हणाली, "मी ते कॉलेज पाहिलेलं नाही. न पाहिलेल्यावर मी बोलत नाही." तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालेलं. जिना उतरायचा तर कठडा धरून, एकेक पायरी. ती कुठली साताऱ्याच्या पुढे जाणार?

"म्हणजे तुझं मत नाहीच का?" मी विचारलं.

"ठेव फोन, दूध उतू चाललंय," ती म्हणाली. रशीदाच्या घरी दूध उतू जात नाही. मी ओळखते तिला.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी अलफियाचा फोन आला. "कुसुमआजी, दादी तुमच्याकडे आलीये का?"

"माझ्याकडे? नाही बाई. का गं?"

"सकाळी आम्ही उठलो तर घरात नव्हती. अब्बूंना वाटलं बँकेत गेली असेल. फोन स्विच्ड ऑफ येतोय. आणि आज पाचपर्यंत जागा स्वीकारायचीये. ओटीपी तिच्याच फोनवर येणारे, आजी!"

पायात चपला सरकवल्या आणि रिक्षा शोधायला निघाले. पहिला म्हणाला, येरवड्याला नाही जायचं. मी म्हटलं, "बरोबर आहे, तुम्ही इथे सावलीत बसून पुण्यावर उपकार करताय, चालू द्या." दुसरा आला. बंडगार्डनच्या पुलावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या आणि मी मागे बसून रशीदाला फोन लावत होते. बंद. पुन्हा बंद. फोनमधल्या त्या बाईचं बोलणं मला पाठ झालं, कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा.

घरी पोचले तर अलफिया लॅपटॉप उघडून बसलेली आणि शहेजाद दारात उभा. त्याने ओळखीच्या सगळ्यांना फोन केले होते. दवाखाना झाला, बँक झाली, शेजारपाजार झाला.

"तुम्ही बसा, मावशी," तो मला म्हणाला. "मी चौकीत जाऊन येतो. त्यांचं वय, त्यांचे गुडघे... कुठे पडल्या-बिडल्या असतील तर?"

"थांब जरा," मी म्हटलं. "काय काय नेलंय तिने?"

आम्ही बघितलं. काठी नव्हती. गुडघ्याला लावायचा पट्टा नव्हता. स्वयंपाकघरात तवा धुऊन पालथा घातलेला आणि कणकेचं भांडं ओलं. फडताळातला लहान डबाही जागेवर नव्हता. बँकेत जाताना कुणी पोळीभाजी घेऊन जातं का?

"चौकीत जाऊ नकोस," मी शहेजादला म्हटलं. "तुझी आई कॉलेज बघायला गेलीये. स्वारगेटला जाऊन पहिली एसटी धरली असणार तिने."

शहेजाद मटकन खुर्चीत बसला. "त्या गुडघ्यांवर? एवढ्या लांब? एकट्या?"

मला वाटलं, अलफियाचा जीव भांड्यात पडेल. ती उलट उसळली. "मग फोन का बंद आहे? सांगा ना! तिला माहितीये आज लास्ट डे आहे. तिला माहितीये ओटीपी तिच्या फोनवर येणारे. तिने मुद्दाम केलंय!"

"अगं, तिची सवय आहे ती. वर्गात शिरताना फोन बंद करायचा. कॉलेजच्या आवारात गेली असेल, केला असेल बंद. विसरली असेल."

"दादी विसरते? ती माझ्या रोल नंबरच्या पावतीचीसुद्धा मला आठवण करून देते. आठवडाभर एक शब्द बोलली नाही माझ्या बाजूने. सगळ्या जगाला सांगते जा, आणि मी जायला निघाले की फोन घेऊन गायब. तिला मला पाठवायचंच नाहीये. सरळ नाही म्हणायचं ना मग, असं चोरासारखं कशाला?"

"तोंड सांभाळ, अलफिया," शहेजाद म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

मी त्या पोरीला रागावणार होते. पण रागावले नाही. कारण मलाही आत कुठेतरी तेच वाटायला लागलं होतं, आणि त्याची मला भयंकर चीड आली.

मग आमची जी धावपळ सुरू झाली, ती विचारू नका. पोर्टलवर नंबर बदलता येतो का बघितलं. बदलायला आधी जुन्या नंबरवर ओटीपी. धन्य ती अक्कल! मदतीच्या नंबरवर फोन लावला तर सनई वाजत राहिली. कॉलेजच्या ऑफिसचा नंबर शोधला, तो कायम व्यस्त. शेवटच्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राचे आईबाप तिथेच फोन लावत असणार. एकदा चुकून लागला. मी घाईघाईने सांगितलं, "अहो, काठी घेतलेल्या एक वयस्कर बाई तुमच्याकडे आल्यात का, अत्तार म्हणून?" पलीकडचा म्हणाला, "मॅडम, इथं शंभर माणूस हाय, कुणाकुणाची काठी बघू?" आणि ठेवला.

दुपारचं जेवण कुणी जेवलं नाही. ऊन खिडकीतून सरकत अलफियाच्या लॅपटॉपवर आलं. पडद्यावर कॉलेजचं नाव, खाली शाखा, त्याखाली हिरवं बटण, जागा स्वीकारा. ती पोर त्या बटणाकडे टक लावून बसली होती. शहेजाद खोलीत येरझाऱ्या घालत होता. मधेच थांबून तो म्हणाला, "जाऊ दे बेटा. वेळ गेली तर गेली. ते कॉम्प्युटरचं आहेच की."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "शहेजाद, तुझी आई सापडत नाहीये म्हणून घाबरलायस ना? मग तेवढंच घाबर. त्यात आपलं घोडं पुढे दामटू नकोस."

"मी कुठे..." तो म्हणाला. बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला लगेच वाईट वाटलं, पण बोललेलं परत घेण्याची माझी पद्धत नाही.

चार वाजून गेले. अलफियाने रडणंही थांबवलं होतं. आणि माझा फोन वाजला. रशीदा!

"अगं कुठे आहेस तू? जीव टांगणीला लावलायस आमचा! पाच वाजत आलेत, अक्कल आहे का तुला?" मी ओरडले.

"कुसुम, तू माझ्या घरी आहेस ना? जरा बाजूला जा. आवाज मोठा करू नकोस फोनचा."

मी स्वयंपाकघरात गेले. दार लोटून घेतलं. पलीकडे मुलींचे आवाज येत होते, कुठेतरी बादली आपटल्याचा आवाज आला.

"मी वसतिगृहाच्या पायऱ्यांवर बसलेय," ती म्हणाली. "सकाळपासून सगळं बघितलं. प्रयोगशाळा बघितल्या, चालू आहेत. मुलींशी बोलले. रात्रीचा वॉचमन बाई आहे. पाणी दोन वेळा येतं. डॉक्टर गेटाबाहेरच आहे, त्यालाही भेटले."

"मग चांगलंय ना! बंद का केला होतास फोन? वर्गात शिरलीस म्हणून ना? मी सांगितलं पोरीला, विसरली असेल."

तिने काठी पायरीवर ठेवल्याचा आवाज आला.

"रशीदा?"

"विसरले नव्हते. साताऱ्याला एसटी थांबली तेव्हा केला बंद. ओटीपी येऊ नये म्हणून."

"काय बोलतेस तू?"

"मी दोष शोधायला आले होते, कुसुम. एक जरी सापडला असता तरी घरी येऊन सांगितलं असतं, मी बघून आलेय, नको तिथे. माझ्या शब्दावर अलफियाने मान्य केलं असतं. मला माहीत होतं. म्हणून आले. पण काही सापडेचना. मग म्हटलं, पाच वाजेपर्यंत फोन बंदच ठेवते, आपोआप होईल काय ते. कुणाला काही सांगायलाच नको."

"अगं पण मग आता का लावलास?"

"कळत नाही. इथे एक मुलगी आहे, धुळ्याची. तिने मला खुर्ची आणून दिली, पाणी दिलं. विचारलं, आजी, तुमची नात येणारे का? कधी येणारे? मी हो म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं." तिचा श्वास ऐकू आला. "कुसुम, मी काय करू? तू सांग."

अहो, या बाईने आयुष्यात कुणाला सल्ला विचारलेला मी पाहिला नव्हता. निम्म्या पुण्याने हिला विचारायचं आणि हिने मला! दाराबाहेर शहेजादच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. घड्याळ पुढे चाललं होतं. मला काही शहाणपणाचं सुचलं नाही. राग तेवढा आला.

"मला काय विचारतेस? तुला तिच्यावाचून करमणार नाही, हे सरळ म्हण ना बाई! त्या कॉलेजचे नळ कशाला तपासत बसलीस? चोवीस तास तुझ्याजवळ असलेली पोर जाणार म्हणून तुझा जीव जातोय. मग म्हण की!"

हळूच ती म्हणाली, "नाही करमणार गं."

"मग हे तिला सांग. ओटीपी दे नाहीतर नको देऊस, तुझी मर्जी. पण ती पोर सकाळपासून तुला चोर म्हणत बसलीये आणि तू खरोखर तसंच वागलीयेस. तिला तुझ्या तोंडून कळू दे."

मी दार उघडून बाहेर आले, फोन अलफियाच्या पुढ्यात ठेवला आणि आवाज मोठा केला. "दादी आहे. बोल."

"अलफिया," रशीदा म्हणाली, "मी फोन मुद्दाम बंद ठेवला होता."

अलफियाने ओठ दाबून धरले. शहेजाद जागच्या जागी थांबला.

"तुझं कॉलेज चांगलं आहे, बेटा. मी सगळं बघितलं. दोष काही नाही. मला तुला पाठवायचं नाहीये, एवढंच आहे. तू तिकडे गेलीस की या घरात मी सकाळी कुणाला उठवू? म्हणून मी असं केलं. वाईट केलं."

मला वाटलं, पोरगी आता फोन आपटते. सकाळपासून तिने जे जे म्हटलं होतं ते सगळं खरं निघालं होतं, तिला हक्क होता. पण तिने लॅपटॉपवरचा हात काढून घेतला. मांडीवर ठेवला. आणि इतक्या बारीक आवाजात विचारलं की मला वाकून ऐकावं लागलं.

"मग नको जाऊ का, दादी? तू नको म्हणालीस तर नाही जाणार. खरंच."

शहेजादने माझ्याकडे बघितलं. त्याला जे हवं होतं ते आता एका शब्दावर होतं, रशीदालाही तेच हवं होतं, आणि पोर ते ताटात वाढून द्यायला तयार होती. नको, एवढंच म्हणायचं होतं. मी मनात म्हटलं, रशीदा, बोलू नकोस तो शब्द, तुला माझी शपथ आहे. पलीकडे पुन्हा कुठेतरी बादली वाजली.

"बटण दाब," रशीदा म्हणाली.

"दादी..."

"दाब म्हटलं ना! पाच वाजतील. आकडे आले की मी सांगते."

अलफियाने दाबलं. पांढरं वर्तुळ फिरत राहिलं, फिरतच राहिलं. पान अडकलं. शहेजाद पुढे झाला, "रिफ्रेश कर... नाही नाही, थांब, करू नकोस, परत पहिल्यापासून लागेल." ज्याला जागा जायला हवी होती तोच आता खुर्चीची पाठ धरून उभा होता. वर्तुळ थांबलं आणि रिकामी चौकट उघडली.

"आला," पलीकडून रशीदा म्हणाली. "लिही." आणि वर्गात फळ्यासमोर उभं राहून सांगायची तसा, एकेक आकडा सुटा, ठणठणीत आवाजात तिने सांगितला. शेवटच्या आकड्याला मात्र तिचा आवाज फुटला, आणि तो तिला पुन्हा सांगावा लागला.

पडद्यावर हिरवी खूण आली. जागा स्वीकारली. खोलीत कुणीच ओरडलं नाही, कुणी पेढेही आणायला गेलं नाही. मी घड्याळ बघितलं आणि बघितल्याचा पश्चात्ताप झाला, इतका थोडा वेळ उरला होता.

शहेजादने फोन उचलला. "अम्मी, तिथेच बसा. हलू नका. मी गाडी काढतो, रात्रीपर्यंत पोचतो."

"नको," रशीदा म्हणाली. "वसतिगृहाच्या बाईंना विचारलंय मी. पाहुण्यांची खोली आहे, एक खाट देतायत. मी आज इथे राहते, उद्या ये."

"कशासाठी, अम्मी? आता तर झालं ना सगळं. अजून काय बघायचं राहिलंय तिथे?"

"कॉलेजचं काही नाही रे," ती म्हणाली. "अलफिया शेजारी नसताना मला झोप लागते का, ते एकदा बघायचंय."

अलफियाने त्याच्या हातातून फोन घेतला आणि नुसता कानाशी धरून बसली. मग माझ्या खांद्यावर डोकं टाकून ती जी रडायला लागली, ती थांबेना. मी तिला गप्प बस म्हटलं नाही.